गव्हाच्या मागून येणारें बीं

मृगाचा पाऊस पडून गेला, वाफसा आला, आणि एकाच शिवारांतील दोन शेजारच्या शेतांत एकाच दिवशीं सोयाबीनची पेरणी झाली. बियाणें एकाच पोत्यांतलें, तिफण तीच, पाऊसहि तोच. आठवडा उलटतो आणि बांधाच्या अलीकडे हिरव्या ओळी सरळ उभ्या राहिलेल्या दिसतात. पलीकडे मात्र हातभर ओळ उगवलेली, तर दोन हात जागा मोकळी, असा प्रकार असतो. शेतकरी म्हणतो, बियाणेंच फसवें निघालें. बियाणें विकणारा म्हणतो, पाऊसच नीट झाला नाहीं. तिसरें एक कारण असूं शकतें, तें सहसा कोणाच्या बोलण्यांत येत नाहीं. आणि पुष्कळदां खरें कारण तेंच असतें. या दोन्ही शेतांत मागच्या कार्तिकांत गहूं पेरला होता व तो फाल्गुनांत निघाला. त्या चार महिन्यांत आणि नंतरच्या उन्हाळ्यांत मातीचें जें कांहीं बरेंवाईट झालें, त्याचें फळ मृगांतल्या बियांच्या पदरांत पडलें.

हें कसें घडतें तें कळण्यासाठीं मातीचा पोत आणि मातीची घडण यांतील भेद प्रथम ध्यानांत घ्यावा लागतो. वाळू, पोयटा व चिकण माती यांचें प्रमाण म्हणजे पोत. तो निसर्गानें ठरवून दिलेला असतो. शेतकऱ्याच्या हयातींत तो सहसा बदलत नाहीं. घडण म्हणजे या कणांची मांडणी. विटांचा ढीग आणि विटांचें घर यांत विटा त्याच असतात. परंतु घराला दारें-खिडक्या असतात, खोल्या असतात, आंत राहतां येतें. चिकण मातीचा कण मिलिमीटरच्या पांचशेंव्या भागाहूनहि लहान असतो. असे असंख्य कण कुजलेल्या पालापाचोळ्याच्या द्रव्यानें आणि सूक्ष्म जीवांच्या स्रावांनीं एकमेकांस चिकटतात आणि त्यांचे बाजरी-ज्वारीच्या दाण्याएवढे रवे बनतात, तेव्हां जमिनीला घडण आली असें म्हणावयाचें. उत्तम घडणीच्या जमिनींत सुमारें निम्मी जागा घन पदार्थांची व निम्मी पोकळ्यांची असते. रव्यारव्यांमधल्या मोठ्या पोकळ्यांतून पाणी मुरतें आणि हवा खेळते. रव्यांच्या आंतल्या बारीक छिद्रांत ओल टिकून राहते. पोतासारखी ही घडण चिरस्थायी नसते. ती वर्षानुवर्षें हळूहळू बनते आणि एका हंगामांतहि बिघडूं शकते.

बियाला रुजण्यासाठीं ओल, हवा, ऊब आणि वर येण्यास वाट, अशा चार गोष्टी हव्या असतात. सोयाबीनचा दाणा स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे पाणी शोषून घेईपर्यंत त्याला मोड येत नाहीं. मक्याच्या दाण्याला सुमारें तीस टक्के पाणी पुरतें. हें पाणी मातीचा दाण्याशीं जितका निकट स्पर्श असेल तितक्या लवकर मिळतें. मोठाल्या ढेकळांच्या सांदींत पडलेला दाणा भोंवतालीं ओल असूनहि उपाशीच राहतो. उलट, माती पिठासारखी होऊन चिखलानें भरून गेली, तर दाण्याला पाणी मिळतें पण श्वास मिळत नाहीं. तो मोड येण्यापूर्वींच कुजतो. म्हणजे बियाला ढेकूळहि नको आणि पीठहि नको. त्याला रवा हवा. आणि हा रवा करण्याचें काम औतापेक्षां मुळें अधिक चांगलें करतात.

गव्हाचा दाणा रुजला कीं त्याला प्रथम तीनपासून सहापर्यंत मुळें फुटतात. पेरणीनंतर सुमारें तीन आठवड्यांनीं जमिनीच्या पृष्ठभागालगतच्या पेऱ्यांपासून दुसरीं मुळें निघूं लागतात. त्यांना मुकुटमुळें म्हणतात. पुढें या दोन्हींच्या शाखा-उपशाखा होऊन केसांसारखें दाट जाळें तयार होतें. भुसभुशीत व खोल जमिनींत तें एक ते दीड मीटरपर्यंत खालीं जातें. हें जाळें मातीवर तीन प्रकारें काम करतें. पहिलें असें कीं, मूळ भोंवतालचें पाणी ओढून घेतें. माती त्या जागीं सुकून आकसते आणि तिच्यांत बारीक चिरा पडतात. पुन्हां पाणी मिळालें कीं ती फुगते. या आलटून पालटून होणाऱ्या क्रियेनें मोठें ढेकूळ आपोआप लहान लहान खड्यांत दुभंगतें. दुसरें, मुळाच्या टोकांतून बुळबुळीत स्राव पाझरतो, आणि मुळाशीं सहजीवन करणारी बुरशी आपले तंतू आसपासच्या मातींत पसरते. स्राव हा डिंकासारखा आणि तंतू दोऱ्यांसारखे. दोहोंनीं मिळून त्या खड्यांचे पाण्यांत न विरघळणारे रवे बांधले जातात. तिसरें काम मुळाच्या मरणानंतरचें. गहूं पिकला कीं मुळें मरतात, कुजतात, आणि त्यांच्या जागीं पोकळ नळ्या राहतात. मृगाचें पाणी याच नळ्यांवाटे खालीं उतरतें आणि पुढच्या पिकाचें कोंवळें मूळ हीच तयार वाट धरून जातें.

यावरून गहूं हें जमीन घडविणारें पीक आहे, असें कोणी म्हटल्यास तें खोटें नाहीं; परंतु अर्धेंच खरें आहे. गवताचें रान बारमाही असतें. तेथें एक मूळ मरतें तों दुसरें फुटतें. गहूं आपल्याकडे जेमतेम चार महिने शेतांत राहतो. त्याच्या अगोदर जमीन बारीक करावी लागते, मध्यें पाण्याच्या पांच-सहा पाळ्या द्याव्या लागतात, आणि नंतर जमीन दोन-अडीच महिने उघडी पडते. चार महिन्यांत मुळांनीं जें बांधलें, तें उरलेल्या आठ महिन्यांत टिकवावयाचें कीं मोडावयाचें, हें माणसाच्या हातीं असतें.

या गोष्टीची सर्वांत दीर्घ साक्ष इंग्लंडांतील एका शेतानें दिली आहे. हार्पेंडेन गांवीं रोथॅम्स्टेड येथें जॉन बेनेट लॉज यांनीं जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांच्या साह्यानें १८४३ मध्यें ब्रॉडबाक नांवाच्या शेतांत गव्हाचा प्रयोग सुरू केला, आणि त्या शेताच्या कांहीं भागांत तेव्हांपासून वर्षानुवर्षें गव्हावर गहूं घेतला गेला आहे. एका पट्ट्याला कांहींच खत दिलें जात नाहीं. एकाला दर एकरीं चौदा टनांच्या हिशेबानें शेणखत. इतरांना निरनिराळीं रासायनिक खतें. धान्याच्या राशीकडे पाहिलें तर चांगलें रासायनिक खत मिळालेला पट्टा आणि शेणखताचा पट्टा दीर्घ काळ जवळजवळ बरोबरीनें चालले. परंतु मातीकडे पाहिलें तर चित्र अगदीं वेगळें दिसलें. बिनखताच्या पट्ट्यांत सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या आसपास राहिला, रासायनिक खताच्या पट्ट्यांत त्याहून थोडाच अधिक. शेणखताच्या पट्ट्यांत तो वाढत वाढत पावणेतीन टक्क्यांच्या जवळ गेला. गव्हाची रास चांगली आली म्हणजे जमीन चांगली राहिली असें समजणें किती धोक्याचें आहे, हें यावरून स्पष्ट होतें. त्याच संस्थेच्या दुसऱ्या एका शेतांत जुन्या कुरणाचा कांहीं भाग गवताखालीं राहिला, कांहीं धान्याखालीं आला, आणि कांहीं १९५९ पासून बिनपिकाचा, नुसता नांगरून उघडा ठेवण्यांत आला. सेंद्रिय द्रव्य गवताखालीं सर्वांत अधिक, धान्याखालीं मध्यम आणि उघड्या जमिनींत सर्वांत कमी राहिलें. म्हणजे जमिनीला गव्हापेक्षां उघडेपणा अधिक बाधतो.

आतां हेंच आपल्याकडील शेतावर कसें घडतें तें पाहण्यासारखें आहे. गव्हाच्या साऱ्यांत पाणी सोडलें जातें. सुकलेल्या मातीवर पाणी एकदम आलें कीं रव्यांच्या आंत कोंडलेली हवा जोरानें बाहेर पडते आणि दुबळे रवे फुटतात. प्रत्येक पाळीला थोडे थोडे रवे फुटून सुटे झालेले कण वरच्या पोकळ्या बुजवितात. शेवटच्या पाळीनंतर ऊन तापतें आणि वरचा थर घट्ट होऊन बसतो. कापणी झाल्यावर पुष्कळ ठिकाणीं काड जाळून टाकतात. आगींत काडांतील बहुतेक सर्व नत्र हवेंत निघून जातें, आणि ज्या सेंद्रिय द्रव्यानें रवे बांधले जावयाचे तें धुराच्या रूपानें नाहींसें होतें. पुढें त्या कडक जमिनींत नांगर घातला कीं मोठमोठीं ढेकळें निघतात. तीं फोडण्यासाठीं रोटाव्हेटर दोनदोनदां फिरविला जातो आणि मातीचें पीठ होतें. शेत गालिच्यासारखें मऊ दिसूं लागतें; पाहणाऱ्याला वाटतें, पेरणीला याहून चांगली जमीन ती कोणती?

मृगाचा पहिला जोराचा पाऊस या भ्रमाचा निरास करतो. पावसाचा थेंब उघड्या पिठावर आदळला कीं त्याचा गारा होतो. हा गारा वरच्या वर पसरून छिद्रें बंद करतो. पाणी मुरण्याऐवजीं उताराला लागतें आणि माती बरोबर घेऊन जातें. दोन दिवस ऊन पडलें कीं वरचा गारा वाळून त्याची कडक खपली बनते. खालीं बीं रुजलेलें असतें, मोड वर निघालेला असतो. पण वाट बंद झालेली असते.

या खपलीशीं सर्वच बियांचा झगडा सारखा नसतो. ज्वारी-बाजरीचा कोंब सुईसारखा टोंकदार म्यानांत गुंडाळलेला असतो. तो लहानशा चिरेंतूनहि वाट काढतो. तूर आणि हरभरा यांच्या डाळिंब्या जमिनींतच राहतात, फक्त कोंब वर येतो. सोयाबीन, मूग, उडीद आणि कपाशी यांचा प्रकार निराळा आहे. त्यांचा देंठ आंकड्यासारखा वांकून दोन्ही डाळिंब्या ओढीत वर आणतो. एवढा भार घेऊन खपली फोडणें त्यांना कठीण जातें. खपलीखालीं देंठ वेडावांकडा होतो, जाड होतो, प्रसंगीं मानेशींच मोडतो. अशा शेतांत खपलीचा तुकडा हलकेच उचलून पाहिला, तर खालीं पिवळे पडलेले, वळलेले कोंब आढळतात. बियाणें फसवें नव्हतें, याचा तो पुरावाच होय. डाळिंब्यांत सांठविलेलें अन्न कांहीं दिवसांचें असतें; तें संपण्यापूर्वीं उजेड मिळाला नाहीं तर रोप गेलें. मग नांगे भरणें आलें, किंवा दुबार पेरणी आली. आणि दुबार पेरणीचें बियाणें बहुधा उसनवारीचें असतें.

गव्हाचें काड जमिनींत राहिल्यास बियांना बाधतें, अशीहि एक समजूत आहे. तिला आधार आहे, पण मर्यादित आहे. काडांत फेरुलिक, पॅराकुमॅरिक अशीं कांहीं आम्लें असतात. तीं पाण्यांत उतरून कोंवळ्या मुळांची वाढ रोखूं शकतात. शिवाय काड ओल्या, हवा न लागणाऱ्या मातींत दडपलें गेलें, तर त्याच्या कुजण्यांतून व्हिनेगरांत असणारें असेटिक आम्ल तयार होतें. १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील थंड व दलदलीच्या जमिनींत, काडांतच पेरलेलें बीं याच कारणानें मरत असल्याचें संशोधकांना आढळलें. परंतु हवा खेळती असेल तर हीं आम्लें सूक्ष्म जीव लवकरच खाऊन टाकतात. दख्खनच्या उन्हाळ्यानंतर त्यांचें भय फारसें उरत नाहीं. भय उरतें तें बियाच्या चरींत ओलें काड कोंबलें गेल्यास. दुसरी अडचण नत्राची. गव्हाच्या काडांत एक भाग नत्रामागें सुमारें ऐशीं भाग कर्ब असतो. तो पचविण्यासाठीं सूक्ष्म जीव जमिनींतलें नत्र स्वतःकडे ओढून घेतात आणि नवें पीक कांहीं काळ पिवळें दिसतें. काड पृष्ठभागावर पसरून ठेवल्यास ही ओढ पुष्कळ कमी होते, आणि पावसाच्या थेंबाचा मार माती ऐवजीं काड सोसतें. म्हणजे जें काड चरींत विष ठरतें, तेंच वर पसरलें तर छत्र ठरतें.

जमिनीजमिनींतहि फरक असतो. गोदावरी, तापी व पूर्णा यांच्या खोऱ्यांतील खोल काळी जमीन स्वतःची नांगरट स्वतःच करते. तिच्यांतील चिकण माती पाण्यानें अतिशय फुगते आणि सुकतांना तितकीच आकसते. उन्हाळ्यांत तिला हातभर, कोठें कोठें पुरुषभर खोल भेगा पडतात. या फुगण्या-आकसण्यानें बिघडलेली घडण बरीचशी आपोआप सांधली जाते, आणि उन्हाळ्याअखेर वरचा थर रवाळ होतो. मध्यम व हलक्या जमिनींना ही देणगी नाहीं; तेथें एकदां मोडलेला रवा सेंद्रिय द्रव्यावांचून पुन्हां बांधला जात नाहीं. काळ्या जमिनीचीहि एक अट आहे. ती ओली असतांना तिच्यावर औत, ट्रॅक्टर किंवा कापणी-मळणीचें अवजड यंत्र घातलें तर तिचे रवे दाबले जाऊन खालीं कठीण थर बसतो. वाफशाची वाट पाहणारा जुना शेतकरी या एका शब्दांत मृदाशास्त्राचा मोठा भाग सांगत असे.

कालव्याच्या पाण्याखालील जमिनींत याहून गंभीर दोष उद्भवतो. निचरा नसेल तर क्षार वर येतात, आणि त्यांतील सोडियम चिकण मातीच्या कणांवर जागा अडवून बसतो. या जागांपैकीं पंधरा टक्क्यांहून अधिक सोडियमनें व्यापल्या म्हणजे जमीन चोपण झाली असें मानतात. अशा जमिनींत कण एकमेकांना धरून राहत नाहींत. पाणी मिळतांच गारा आणि वाळतांच दगड, अशी तिची स्थिति होते. गहूं खारेपणा बऱ्यापैकीं सोसतो. म्हणून जमीन बिघडूं लागली असतांनाहि तो पदरांत कांहीं टाकतो आणि शेतकरी निर्धास्त राहतो. त्यामागून पेरलेला मूग मात्र उगवतच नाहीं. धोक्याची पहिली सूचना अशा वेळीं पुढचें बीं देतें. येथें नुसतें शेणखत पुरत नाहीं. चर खणून निचरा करावा लागतो आणि जिप्सम घालून सोडियमची जागा चुन्याच्या अंशास द्यावी लागते.

गव्हालाच मागून येणाऱ्या बियाची भूमिका घ्यावी लागते, असाहि एक प्रदेश आहे. पंजाब व हरियाणांत भातामागून गहूं येतो. भातासाठीं केलेली चिखलणी म्हणजे रवे बुद्ध्या मोडण्याची क्रिया. पाणी खालीं जाऊं नये म्हणून ती करतात. भाताला ती मानवते, पण तीच माती सुकल्यावर गव्हाच्या बियाला ढेकळांत सांपडावें लागतें, आणि गव्हाच्या मुळांना खालचा कठीण थर अडवितो. भाताचें उभें काड जाळून पेरणीची घाई करण्याची रीत तेथें पडली, तिचा धूर कार्तिकांत दिल्लीपर्यंत पोहोंचतो. न नांगरतां, काड बाजूला सारून चरींत बीं सोडणारीं पेरणीयंत्रें त्यावर उपाय म्हणून निघालीं आहेत.

काडाचें सोनें करण्याची एक रीत याहून फार पूर्वीं मराठी मुलखाच्या शेजारींच सिद्ध झाली होती. गव्हाच्या सुधारलेल्या जाती पुसा येथें तयार करणारे अल्बर्ट हॉवर्ड १९२४ मध्यें इंदूरच्या वनस्पति-संशोधन संस्थेंत आले. तेथें त्यांनीं यशवंत वाड यांच्या सहकार्यानें शेतांतलें काड, पऱ्हाट्या व पालापाचोळा जनावरांखालीं पसरून, मग शेण-मुतासह थरावर थर रचून त्याचें कुजलेलें खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. १९३१ मध्यें दोघांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि इंदूर पद्धत हें नांव जगभर गेलें. या पद्धतीनें काडांतील कर्बाचा फाजीलपणा खड्ड्यांतच उतरतो. शेतांत येतें तें नत्राची ओढ न लावणारें, रवे बांधणारें द्रव्य.

एवढें सर्व ओळखण्यासाठीं प्रयोगशाळेची गरज नाहीं. गव्हाच्या शेतांतून सुपारीएवढा वाळलेला खडा घ्यावा, तसाच एक बांधावरच्या गवताखालून घ्यावा, आणि दोन्ही पावसाच्या किंवा स्वच्छ गोड्या पाण्यानें भरलेल्या दोन कांचेच्या पेल्यांत हलकेच सोडावे. गवताखालचा खडा बहुधा आपला आकार धरून राहतो. गव्हाच्या शेतांतला थोड्याच वेळांत ढासळला, तर त्या जमिनीला सेंद्रिय द्रव्य हवें आहे. आणि भोंवतालचें पाणी दुधासारखें गढूळ होऊन तसेंच राहिलें, तर सोडियमचा संशय घेऊन मातीची तपासणी करून घ्यावी.

उपाय फार नाहींत, पण ते वेळेवर व्हावे लागतात. गव्हाला पाणी तुंबेल इतकें देऊं नये. काड जाळूं नये; गुरांखालीं घालून खतरूपानें परत आणावें, नाहीं तर जमिनीवर पसरूं द्यावें. नांगर घालावयाचा तर जमीन ओली किंवा दगडासारखी कोरडी नसतांना घालावा. पेरणीपूर्वीं माती पिठासारखी करूं नये. मुठींत दाबली असतां गोळा व्हावा आणि बोटानें ढकलली असतां रवे सुटावे, इतकें पुरे. गव्हामागून गहूंच न घेतां फेरपालटांत द्विदल पीक आणावें. आणि पेरणीनंतर खपली धरलीच, तर कोंब वर येण्यापूर्वीं हलक्या हातानें ती मोडावी, किंवा पाणी असल्यास हलकें पाणी देऊन ती मऊ करावी.

आरंभीं ज्या दोन शेतांचा उल्लेख झाला, त्यांतील फरक आतां उलगडतो. एका शेतांतलें काड गोठ्यांतून फिरून खत होऊन परत आलें होतें आणि वाफशावर एक नांगरट व दोन कुळवाच्या पाळ्या झाल्या होत्या. दुसऱ्यांत काड जळलें होतें आणि मातीचें पीठ झालें होतें. रास मोजतांना दोन्ही शेतकरी बरोबरीचे होते. त्यांच्यांतलें अंतर तीन महिन्यांनीं दिसलें, आणि तें एका मुठींत मावणाऱ्या बियांनीं दाखविलें. गव्हाचा हिशेब खळ्यावर पुरा होत नाहीं; तो पुढच्या पेरणीच्या ओळींत पुरा होतो.